आमच्याकडे डेक नाही

परभणीत घराबाहेरच्या लाकडाला नवजीवन देणारा एक नवा व्यवसाय सुरू झाला आहे. माझी त्या व्यवसायाबद्दल काहीही तक्रार नाही. लाकूड जुनं होतं, ते कोणीतरी नीट करायला हवं आणि नीट करणाऱ्याचं पोट भरायला हवं, इतपत अर्थशास्त्र मला मान्य आहे. तक्रार एवढीच, की हा व्यवसाय सुरू झाल्याचं मला आता पुरेसं कळलं आहे. वसमत रोडवरच्या फ्लेक्सनं कळवलं. सकाळच्या पेपरातून घरंगळलेल्या गुळगुळीत कागदानं कळवलं. भोंगा लावलेल्या रिक्षानं कळवलं. नातवाच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, गृहपाठ आणि हरवलेला डबा या दोन निरोपांच्या मधोमध कळवलं. एका तेराव्याच्या पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी बुंदी वाढेपर्यंतच्या वेळात खिशातून कार्ड काढून कळवलं. ज्यांचं तेरावं होतं, ते गेल्याची बातमीसुद्धा माझ्यापर्यंत इतक्या मार्गांनी आली नव्हती.

फ्लेक्सपासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत मोठा आहे. वरच्या पट्टीत दिवंगत थोर पुरुष, त्याखाली विद्यमान नेते, त्याखाली भावी नेते. डाव्या बाजूला मालकांचे काका, मोबाइल कानाला लावलेले. ते कोणाशी बोलतायत हे आजवर कुठल्याही फ्लेक्सवर स्पष्ट झालेलं नाही. उजवीकडे शुभेच्छुक मित्रमंडळ. या सगळ्यांतून जी जागा उरली, तिथे खालच्या कोपऱ्यात व्यवसाय आहे. एक लाकडी घर, पुढे तळं, मागे बर्फाचा डोंगर, घरापुढे फळ्यांचा ओटा आणि ओट्यावर दोन आरामखुर्च्या. परभणी जिल्ह्यात बर्फ पडतो तो गारपिटीचा. तेव्हा कोणी बाहेर खुर्ची टाकून बसत नाही. जो तो तलाठ्याला पंचनाम्यासाठी फोन लावत असतो.

घराच्या चित्राखाली लिहिलं आहे, 'जर्मन टेक्नॉलॉजी, आता परभणीत.' यावर आक्षेप घेणं अवघड आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्हीच इतकी वर्षं सांगत आलो आहोत, त्यामुळे जर्मनीचं नाव आलं की परभणीकराला ती घरचीच गोष्ट वाटते. त्याखाली सेवांची यादी: डेक, परगोला, गझिबो, क्लॅडिंग. आमच्या गल्लीत गझिबो हा नवीन चायनीज पदार्थ असावा असा एक मतप्रवाह आहे. फ्लेक्सवर किंमत नसल्यामुळे तो खोडून काढता आलेला नाही.

पंगतीतल्या गृहस्थांनी कार्ड देताना माझा नंबर घेतला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे परभणीत ज्या वेळी फक्त पंखे जागे असतात त्या वेळी, कंपनीतल्या मुलीचा फोन आला.

"सर, तुमचा डेक किती स्क्वेअर फूट आहे?"

"आमच्याकडे डेक नाही."

"परगोला?"

"तोही नाही."

"मग सर, आउटडोअर फर्निचरमध्ये काय आहे?"

"बाज आहे."

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला. मग विचारणा झाली, "किती सीटर, सर?"

मी दोन म्हणालो. पाहुणे आले तर चार बसतात, पण तेवढा तपशील तिच्या रकान्यात मावला नसता.

खरं तर लाकूड आमच्याकडे आहे. फ्लेक्सवरच्या लोकांना ते दिसलेलं नाही, इतकंच. परभणीच्या नानलपेठेत, सेलूत, मानवतात, पाथरीत, गंगाखेडात अजून माळवदाची घरं उभी आहेत. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. या घरांचा आकार चौरस फुटांत सांगत नाहीत, खणांत सांगतात. दिंडी दरवाजातून आत आलं की ढाळज, जिथे पूर्वी कारभार चाले आणि आता मोटारसायकल लावतात. पुष्कळ वाडे पडले, त्यांच्या कोरीव चौकटी गाड्यांत भरून मोठ्या शहरांतल्या हॉटेलांकडे गेल्या, आणि त्या चौकटींच्या जागी इथे ग्रॅनाइट आलं. तरी जे राहिलं तेही कमी नाही. आणि या सगळ्यात उन्हापावसाला छातीवर घेऊन उभं असतं ते दार. आत तुळई शंभर वर्षं निवांत काळी पडत राहते. कवाडाला ती सोय नाही.

दाराचं काय होतं ते पेपरातून आलेल्या पत्रकात लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. उन्हातले अतिनील किरण तो तोडतात, पहिला पाऊस तो धुऊन नेतो आणि पृष्ठभागावर उरतात ते राखाडी तंतू. हा थर फार पातळ असतो. काचपेपरनं घासला की आत सागवान जसंच्या तसं सापडतं. म्हणजे राखाडी पडलेलं सागवानी दार बहुतेक वेळा धडधाकट असतं, फक्त वयस्कर दिसतं. पत्रकात मात्र या अवस्थेला 'वूड कॅन्सर' म्हटलं आहे आणि 'वेळीच निदान करा' असा सल्ला आहे. आमच्याकडे हे वाचून एका आजीबाईंनी देवघराच्या चौरंगालाही हात लावून पाहिला.

दुसरा त्रास हवेचा. इथे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि जानेवारीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा राज्यभर छापून येतो तो थंडीसाठी. मधे चार महिने पाऊस. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. त्यामुळे आषाढात आमचं दार खांदा लावल्याशिवाय लागत नाही आणि फाल्गुनात बंद दारातून रस्त्यावरचा माणूस ओळखता येतो. अशा हलत्या लाकडावर कडक, काचेसारखा लेप दिला की लेप लाकडाबरोबर हलत नाही, तडकतो. तड्यांतून पाणी आत जातं, बाहेर यायला वाट मिळत नाही आणि मग पापुद्रे सुटतात. लाखेचं पॉलिश, ज्याला आपल्याकडे फ्रेंच पॉलिश म्हणतात, ते घरातल्या कपाटासाठी ठीक. पाण्याचा थेंब बसला की त्यावर पांढरा डाग उठतो. दाराला ते लावणं म्हणजे पहिल्या पावसाला आमंत्रण. पत्रकात 'आरशासारखी चमक' कबूल केली आहे. दाराला आरशाची चमक कशाला हवी हे मला उलगडलेलं नाही. दारात उभ्या राहणाऱ्याला घरातली माणसं भेटायची असतात, स्वतःला तो घरूनच बघून आलेला असतो.

जुने सुतार काय करीत? घासायचं, फटी आणि भुंग्यांनी पाडलेली भोकं बुजवायची (कमळाच्या पाकळीत अडकणारा म्हणून कवींना ठाऊक असलेला भुंगा प्रत्यक्षात वाशाला बोटभर भोक पाडतो), आणि तेल द्यायचं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. हेच तेल प्रक्रिया करून हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं. करडईच्या तेलातही हा गुण थोडाफार आहे. आता करडई म्हणाल तर आमच्या विद्यापीठाच्या वाणाचं नावच 'परभणी कुसुम' आहे. असा जिल्हा, आणि फ्लेक्सवर लेपाचा जो डबा आहे तो निळ्या झाकणाचा, त्यावर अस्वल. अर्थात जुनं ते सगळं सोनं असंही नाही. कच्चं जवसाचं तेल लवकर वाळत नाही, धूळ धरतं, ओलीत काळं पडतं. आणि पुष्कळ वाडवडिलांनी तेलबिल न देता दाराला सरळ डांबर फासलेलं आहे, ते खरवडताना त्यांची आठवण येते.

नव्या माणसाला या धंद्यात खरोखर वाव आहे, तो इथेच. सुतार मिळत नाहीत; मिळाले तर प्लायवूड, सनमायका आणि मॉड्यूलर किचन करतात, कारण त्यात पैसा आहे. जुन्या कवाडाचं बिजागर सोडवून फळी न फोडता काढणारा हात शोधायला जिंतूरपर्यंत जावं लागतं. कोणी हे काम शिकून, चोख करून देत असेल तर परभणीनं त्याला डोक्यावर घ्यावं. पण त्यासाठी आधी त्यानं काय करतो ते सांगावं लागेल, आणि जाहिरातीत तेवढंच राहून गेलं आहे.

रिक्षेत तर अधिकच. नानलपेठेकडून येताना रिक्षेचा भोंगा जे म्हणतो त्यातलं 'जुनं लाकूड' एवढंच ऐकू येतं; 'एक्स्टेरियर वूड रिस्टोरेशन' वळणावर वाहून जातं. परिणाम असा, की रिक्षा पहिल्यांदा आली तेव्हा शेजारच्या मावशींनी मोडका पाळणा, तीन पायांचं स्टूल आणि सासऱ्यांच्या काळातला पाट अशी मिळकत ओट्यावर मांडली आणि किलोचा भाव विचारला. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, मला काय माहीत नाही, मी नुसता फिरवायलो." आवाज पेनड्राइव्हमधला होता आणि पेनड्राइव्हला प्रश्न विचारायची सोय नव्हती. पाळणा अजून ओट्यावर आहे. घंटागाडीही तो नेत नाही, म्हणते लाकूड आमच्यात येत नाही.

आता स्टिकर. एका सकाळी दाराच्या डाव्या फळीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, वीतभर लांबीचं स्टिकर होतं: 'तुमच्या लाकडाची काळजी? आम्हाला सांगा!' दार माझ्या आजोबांच्या वेळचं, सागवानी. काळजी नव्हती, आता लागली. मे महिन्याच्या उन्हात स्टिकरचा गोंद लाकडात असा मुरला, की कागद वरून सुटला आणि अक्षरं खाली राहिली. थिनरनं पुसलं तर गोंदाबरोबर तेलही निघालं आणि तपकिरी दारावर एक पांढुरका आयत तयार झाला. आता दुरूनही दिसतं की इथे कोणीतरी काळजी घेतली होती.

स्टिकरवरचाच नंबर लावला. या वेळी स्थानिक आवाज होता, मुलगा बोलण्यात गोड.

"काका, पोरानं लावलं असंल. टार्गेट असतंय त्यांना."

"ते कळलं. डाग काढायचा आहे."

"होय की. करून देऊत ना काका. आपलं कामच ते हाय."

मग तो दर सांगू लागला. पाहणीसाठी माणूस येईल, त्याचे पैसे वेगळे. काम चौरस फुटावर, पण किमान शंभर चौरस फूट असल्याशिवाय गाडी काढणं परवडत नाही. माझं दार, चौकट, उंबरा, गणेशपट्टी आणि वरची तुळई धरली तरी शंभर भरत नव्हते. त्यानं तोडगा सुचवला, "काका, आजूबाजूला कोणाच्या दाराला स्टिकर लागलंय का बघा. चार घरं मिळून करूत." बघितलं. लागलेलं होतं. सगळ्यांना. मावशींच्या पाळण्यालाही.

हा धंद्याचा एक अभिनव प्रकार म्हणून मी त्याची नोंद करतो. याहून पुढे काही बोलणं मला शोभणार नाही.

लाकडाच्या या सेवकांचा जिवंत लाकडाशी मात्र संबंध नसावा. जिंतूर रोडकडच्या कडुलिंबाच्या खोडाला त्यांनी पत्र्याचा बोर्ड ठोकला आहे, चार कोपऱ्यांत चार खिळे, आणि बोर्डावर लिहिलं आहे, 'लाकूड वाचवा.' नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्रातला कायदा १९७५ चा आहे. मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा १९९५ चा. बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ ला सविस्तर निकाल दिला आहे. कडुलिंबाला यातलं काही माहीत नाही. ते खिळ्याभोवती साल वाढवत राहतं, काही वर्षांत खिळ्याचं डोकं आत जातं, आणि पुढे कधी ते झाड कापलं गेलं तर करवतीचे दात त्याच खिळ्यावर मोडतात. सॉमिलवाले म्हणूनच रस्त्याकडेचं लाकूड घ्यायला नाखूश असतात.

आणि वेळ बघा. मोहीम ऐन मे महिन्यात. ऊन चटके देत असताना तापलेल्या दारावर तेल किंवा वॉर्निश दिलं तर ते वरच्या वर सुकतं, आत मुरत नाही, फोड येतात. पुढे जून, म्हणजे पाऊस. ओल्या लाकडावर लेप देऊ नये हे डब्यावरच लिहिलेलं असतं, अस्वलाच्या खाली. या कामाला परभणीत खरा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. हे मी त्या गोड मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "काका, दिवाळीत फ्लेक्सला जागा मिळत नाही."

बाहेरचं लाकूड टिकवण्याचे जगाला ठाऊक असलेले मार्ग फार नाहीत. पहिला, ते बाहेर न ठेवणं. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत, कारण त्यांच्यावर अख्खा डोंगर आहे. दुसरा, पुन्हा पुन्हा हात देत राहणं. नॉर्वेत बोर्गुंडचं लाकडी चर्च बाराव्या शतकाच्या अखेरचं, भर पावसाबर्फात उभं. त्याला पाइनच्या झाडापासून काढलेलं डांबर पिढ्यान् पिढ्या फासत आले आहेत. 'एकदा लावा, आयुष्यभर विसरा' हा तिसरा मार्ग फक्त आमच्या वसमत रोडवर आहे.

जाहिरातीला माझा विरोध नाही, हे पुन्हा सांगितलेलं बरं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडानं जमीन बिघडेल असं शेतकऱ्यांना वाटे आणि पहिले नांगर बरेच दिवस पडून राहिले. लाकडी नांगरावरून माणसाला उठवून लोखंडी नांगरावर न्यायचं तर समजावून सांगावं लागणार होतं. कारखान्याचा माल आणि त्याच्या बातम्या लोकांपर्यंत पोचवायला १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि त्यातून मराठीतलं एक नामवंत मासिक उभं राहिलं. ते चालवणाऱ्या शंकरराव किर्लोस्करांना काकांचा मोबाइलवर बोलतानाचा फोटो छापावा लागला नाही. मोबाइल नव्हता हे खरं, पण काका होते.

तेव्हा नव्या व्यावसायिकांसाठी मी एक मजकूर करून ठेवला आहे. मानधन नको.

'जुन्या सागवानी दारांचं काम करतो. आधी येऊन वाळवी बघू. असेल तर आधी तिचा बंदोबस्त, मग पॉलिशची गोष्ट. दार राखाडी पडलं असेल तर घाबरू नका. हातानं घासू, जुनी कोरीव नक्षी मशीननं घासून सपाट करणार नाही. तेल कोणतं आणि हात किती ते लिहून देऊ. तुमचं दार पश्चिमेला असेल तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा एक हात लागेल, हे आधीच सांगतो. एक दारही घेतो. मे ते सप्टेंबर काम बंद. दर चौरस फुटाचा, खाली छापला आहे.'

यात चेहरे बसत नाहीत, हे मी जाणतो. मालकांनी हा मजकूर पेपरात द्यावा, दुकानाच्या पाटीवर रंगवावा, हवं तर रिक्षेत घालावा. मात्र भोंगा लावण्याआधी ओट्यावरचा पाळणा तेवढा उचलून न्यावा, मावशींना अजून भाव मिळेल अशी आशा आहे.

आणि ज्यांना कंपनीची वाट न बघता या दिवाळीनंतर आपलं दार आपणच तेलवायचं आहे, त्यांच्यासाठी एक सूचना, जी त्या गुळगुळीत पत्रकात कुठेही नाही. बेलतेलानं भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं, ढिगात ती साचते आणि फडकी काडी न लावता पेटतात. वापर झाला की ती एकेक करून मोकळ्यावर पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.